पहिला वाचक अडखळतो तेव्हा

लग्नपत्रिकेचा मसुदा घरात किती जण वाचतात, याचा हिशेब कधी कुणी ठेवला आहे काय? वधूपिता वाचतो, काका वाचतात, आत्याबाई चष्मा पुसून वाचतात, नुकतीच दहावी झालेली भाची शुद्धलेखन तपासते. प्रेसवाला दोनदा प्रूफ पाठवतो. मग पाचशे पत्रिका छापून येतात, हळदकुंकू लागतं, आणि पहिली पत्रिका शेजारी द्यायला गेलं की शेजारचे आजोबा दारातच विचारतात, "कार्यालय कुठं आलं हो हे? पत्ता दिसत नाही यात." पत्ता खरोखरच नसतो. घरातल्या प्रत्येकानं कार्यालय पाहिलेलं असतं, इसार दिलेला असतो, जेवणाच्या हॉलमध्ये पंखे किती तेसुद्धा मोजलेलं असतं. जे ठाऊक असतं ते कागदावर नसलं तरी डोळ्यांना दिसतं. आजोबांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना दिसलं नाही.

माणसाच्या नजरेच्या या खोडीवर ज्यांचं अख्खं शास्त्र उभं आहे असे संशोधक जगात आहेत. यंत्र आणि माणूस जिथं एकमेकांना भेटतात, त्या उंबरठ्याला ते 'इंटरफेस' म्हणतात. ए.टी.एम.चा पडदा, रेल्वे आरक्षणाचा मोबाइलवरचा फॉर्म, वॉशिंग मशीनवरची बटणं, हे सगळे इंटरफेस. ही मांडणी ज्यानं केली त्याला ती सरळ वाटते आणि ज्याला वापरायची असते तो घामाघूम होतो. असं का होतं, आणि होऊ नये म्हणून काय करावं, हे शोधून त्यावर निबंध लिहिणं हा या मंडळींचा उद्योग. त्यांची सर्वांत मोठी जागतिक परिषद १९८२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेदर्सबर्ग इथं भरलेल्या एका बैठकीतून उभी राहिली. तिच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार एका ग्रीक अक्षरासारखा करतात: 'काय'. मराठी माणसाला हसू येईल, पण इतकं समर्पक नाव ठरवूनही सापडलं नसतं. पडद्यापुढं बसलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द हाच तर निघतो!

मी पुण्यात संगणकशास्त्र शिकवते आणि गेली बरीच वर्षं शनिवारी दुपारी काही संशोधक विद्यार्थ्यांबरोबर बसते. एकानं आपल्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा आणायचा आणि बाकीच्यांनी तो वाचायचा, एवढाच कार्यक्रम. निबंध परिषदेकडं गेला की तिथले परीक्षक तो वाचतातच. लेखकाचं नाव झाकलेलं असतं, परीक्षकाचं नाव लेखकाला कळत नाही, आणि चारांतले साधारण तीन निबंध परत येतात. पण तो निवाडा असतो, वकील-न्यायाधीश असलेला. त्याच्या आधी, शाई ओली असताना, आपल्याच बरोबरीच्या चार जणांनी केलेलं वाचन ही गोष्ट वेगळी आहे. तिच्याविषयी बाहेर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

आमच्याकडं एकच नियम कडक आहे. वाचन चालू असताना लेखकानं बोलायचं नाही. वाचणाऱ्यानं खर्डा मोठ्यानं वाचायचा आणि वाचता वाचता मनात जे येईल ते बोलायचं: "हा शब्द पहिल्यांदाच आला", "इथं मी मागचं पान पुन्हा उलटलं", "ही आकृती कशासाठी आहे कळेना". लेखकाचे ओठ फुरफुरत असतात, "अहो, ते पुढं तिसऱ्या पानावर आहे", पण सांगायचं नाही. हा नियम आमच्या डोक्यातून निघालेला नव्हे. आय.बी.एम.मधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ साली यंत्राची मांडणी तपासण्यासाठी हीच रीत मांडली होती. वापरणाऱ्याला कामाला बसवा, त्याला मनातलं मोठ्यानं बोलायला सांगा, आणि तो चुकला तरी मदत करू नका. आम्ही यंत्राच्या जागी निबंध ठेवला, एवढंच.

तो तसा ठेवता येतो, यामागं कारण आहे. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचं पुस्तक १९८८ साली निघालं. त्यात ते म्हणतात की वस्तू बनवणाऱ्याच्या मनात तिचं एक चित्र असतं आणि वापरणाऱ्याच्या मनात दुसरं तयार होतं. ही दोन मनं कधी समोरासमोर येत नाहीत. मध्ये असते ती फक्त वस्तू. जे काही सांगायचं ते तिच्याच तोंडून सांगितलं जातं. शोधनिबंधाचं अगदी असंच आहे. टोकियोतल्या किंवा टोरांटोतल्या वाचकाच्या हातात निबंध पडतो तेव्हा लेखक शेजारी उभा नसतो. इंटरफेसवर लिहिणाऱ्याला हे सर्वांत आधी कळायला हवं, कारण तो इतरांना हेच शिकवत असतो. गंमत अशी, की बटण कुठं असावं यावर बारा पानं लिहिणारा माणूस आपला मुख्य मुद्दा नवव्या पानाच्या तळाशी दडवून ठेवतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

एका विद्यार्थिनीच्या खर्ड्याची गोष्ट सांगते. तिचा विषय होता गावातल्या दूध संकलन केंद्रातला पडदा. डेअरीत दूध घातलं की वजन होतं, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एस.एन.एफ.चे आकडे येतात, त्यावरून दर ठरतो आणि पावती छापून निघते. हे आकडे पडद्यावर इतके बारीक आणि गर्दीचे असतात की दूध घालणाऱ्याला ते वाचता येत नाहीत, असं तिचं निरीक्षण होतं. तिनं नवी मांडणी केली होती. मोठे अंक, गाय-म्हैस अशी चित्रं, दर वेगळ्या रंगात. सहा महिन्यांची मेहनत होती. परिषदेची मुदत तीन आठवड्यांवर आलेली, मार्गदर्शकांची घाई, आणि पाठ्यवृत्तीचं पुढचं वर्ष या निबंधावर बरंचसं अवलंबून.

त्या शनिवारी पाच जण वाचायला होते. पहिल्यानं वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर म्हणाला, "आत्ता कळलं अडचण काय आहे ती." म्हणजे आधीची तीन पानं जगातल्या दुग्धव्यवसायाचा इतिहास सांगण्यात गेली होती. दुसरी एक मुलगी आकृतीपाशी थांबली. तिनं विचारलं, "हा पडदा कुठून पाहिलाय? टेबलाच्या कुठल्या बाजूनं?" आकृती सेक्रेटरीच्या खुर्चीतून काढलेली होती. दूध घालणारा माणूस टेबलाच्या पलीकडं उभा असतो, हातात किटली घेऊन. सगळे हसले. लेखिकाही हसली, पण वहीत लिहून घेतलं.

तिसरा मुलगा सांगली जिल्ह्यातला, घरी चार म्हशी असलेला. तो सहसा बोलत नाही. त्यानं दोन पानं वाचली, थांबला आणि म्हणाला, "ह्यात सगळीकडं 'वापरकर्ता' असं एकच माणूस आहे. आमच्याकडं दूध आई घालती. पासबुक वडलांच्या नावावर. आई पावती बघत न्हाई, पिशवीत टाकती. फॅट किती लागली ते सेक्रेटरी मोठ्यानं सांगतो, तेवढं ध्यानात ठेवती. आन् ते रांगेतल्या समद्यांना ऐकू जातं." मग जरा थांबून म्हणाला, "फॅट कमी लागली की तिला ते आवडत न्हाई."

खोलीत कुणी बोललं नाही. पडद्यावरचे अंक मोठे करून जी अडचण सुटणार होती, ती त्या बाईंची अडचणच नव्हती. त्यांचं दूध किती कसाचं हे चारचौघांत पुकारलं जात होतं, आणि दहा दिवसांनी होणारं बिल दुसऱ्याच्या नावानं होत होतं. अंक आणखी मोठे केले असते तर ते रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसले असते!

तिनं त्या मुदतीला निबंध पाठवला नाही. मार्गदर्शक नाराज झाले. घरच्यांनाही ते समजावणं सोपं गेलं नसणार. पावसाळा तिनं गावात काढला. या वेळी ती टेबलाच्या अलीकडं, बायकांच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या खर्ड्यात 'वापरकर्ता' हा शब्द गेला होता आणि त्याच्या जागी चार वेगवेगळी माणसं आली होती: दूध काढणारी, दूध घालणारी, पैसे घेणारा आणि आकडा सांगणारा. काही घरांत ही चारांपैकी तीन माणसं एकच असतात, काहींत नाहीत, हेही त्यात होतं. विषय तोच, यंत्र तेच, पण निबंध दुसरा.

तुम्ही म्हणाल, एकट्या त्या सांगलीच्या मुलानंच वाचलं असतं तरी चाललं असतं की! नसतं चाललं. आकृती उलट्या बाजूनं काढली आहे हे त्याला दिसलं नव्हतं, आणि पहिली तीन पानं त्यानं निमूट वाचली असती. याला मोजमापाचा आधार आहे. जेकब निल्सन आणि रोल्फ मोलिक या डेन्मार्कच्या दोघांनी १९९० साली चार प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एकेका माणसापुढं एकेक इंटरफेस ठेवून त्यातले दोष काढायला सांगितले होते. एकट्या माणसाला सापडले ते एकूण दोषांपैकी २० ते ५१ टक्के. पण तीन ते पाच जणांच्या याद्या एकत्र केल्यावर चित्र पुष्कळच सुधारलं, कारण प्रत्येकाला सापडलेले दोष सारखे नव्हते. त्यांनी एकमेकांशी चर्चा न करता, वेगवेगळं पाहिलेलं असणं इथं महत्त्वाचं आहे. म्हणून आमच्याकडंही वाचणाऱ्यांनी खर्डा आधी आपापला वाचून खुणा करून आणायच्या, मग बसायचं. नाहीतर पहिला जे बोलेल त्यालाच बाकीचे माना डोलावतात. हा अनुभव सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्या कुणालाही आहे.

आता अडचणीचं बोलू. आपल्याकडं अभिप्राय देण्याची रीत बहुधा दोन टोकांची. एक म्हणजे "छान झालंय". हे ऐकून लेखकाला बरं वाटतं आणि खर्डा होता तिथंच राहतो. दुसरी रीत व्यासपीठावरून बोलणाऱ्या परीक्षकाची: "या विषयाचा आवाकाच आपण लक्षात घेतलेला दिसत नाही." यानंही खर्डा तिथंच राहतो, लेखक मात्र दोन दिवस जेवत नाही. दोन्हींत वाचणारा स्वतःविषयी बोलत असतो, आपल्या भलेपणाविषयी किंवा विद्वत्तेविषयी. उपयोगी पडतं ते फार साधं असतं. "इथं मी अडखळलो." अडखळलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. पायरी उंच आहे की नाही यावर चर्चा होईल, पण ठेच लागली ती लागली. पायरी कशी बांधावी हे वाचणाऱ्यानं सांगू नये, असं माझं मत आहे. बांधणारा लेखक आहे, त्याला त्याचं काम करू द्यावं.

शिवाय मोठ्यांचा मान हा एक प्रश्न असतोच. पहिल्या वर्षाची मुलगी शेवटच्या वर्षाच्या दादाला "हे कळलं नाही" म्हणायला कचरते. तिला वाटतं, आपल्यालाच कळत नसेल. खरं तर तिला न कळणं हीच त्या दादाला मिळणारी सर्वांत मोलाची बातमी असते. म्हणून आम्ही सर्वांत धाकट्यापासून सुरुवात करतो. मी शेवटी बोलते, आणि कित्येकदा बोलायला काही उरलेलंच नसतं.

आणखी एक घोळ जरा अवघड आहे. सगळे वाचणारे एकाच घरातले असले तर? लग्नपत्रिकेसारखंच होतं. एका मुलाचा खर्डा वयस्कर माणसं मोबाइलवर मराठी कसं लिहितात यावर होता. 'कि' लिहिताना आजी-आजोबा आधी वेलांटी शोधतात आणि मग घोटाळा होतो, असं त्यानं एका ओळीत लिहून टाकलं होतं. आम्हा सर्वांना ते इतकं उघड वाटलं की कुणी थांबलंच नाही. त्या वेळी जर्मनीहून काही महिन्यांसाठी आलेला एक विद्यार्थी बसला होता. त्यानं विचारलं, "घोटाळा का होतो?" मग सांगावं लागलं, की पहिली वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते आणि कागदावर अक्षराच्या आधी बसते. जुन्या मराठी टाइपरायटरवर ती आधी मारावी लागे. संगणकाच्या कळफलकावर अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. हाताला टाइपरायटरची किंवा पाटीवरच्या पेन्सिलीची सवय असेल तर बोट आधी वेलांटीकडंच जाणार. ती एक ओळ होती तिथं दीड पान झालं आणि तेच त्या निबंधातलं सर्वांत चांगलं पान ठरलं. तमिळ किंवा मल्याळी मुलगा असता तर त्यानंही विचारलं नसतं, कारण त्यांच्या लिप्यांतही काही स्वरचिन्हं अक्षराच्या आधी बसतात. आपल्या लिपीवर जागतिक परिषदांत लिहिणाऱ्यांना हे सारं समजावत यावं लागलं आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तल्या आय.डी.सी.नं वर्णमालेच्या रचनेवर बेतलेला 'कीलेख' हा कळफलक २००४ साली व्हिएन्नात 'काय' परिषदेपुढं मांडला. पुढं त्यांचा मोबाइलसाठीचा 'स्वरचक्र' आला. त्यात अक्षरावर बोट टेकलं की भोवती बाराखडीचं चक्र उमटतं. बाराखडी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही अशा वाचकाला त्यातली युक्ती पटवून द्यायची, हे काम कळफलक बनवण्याइतकंच कठीण आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की जितके जास्त वाचक आणि जितकी कठोर तपासणी, तितकं उत्तम. तसं नाही. अभिप्रायानं खर्डा सुधारतो तसा मरतोही. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियात साठच्या दशकात पडद्यावर खूण करायच्या निरनिराळ्या साधनांची चाचणी घेतली आणि १९६७ साली ती प्रसिद्ध केली. त्यात प्रकाशलेखणी होती, दांडी होती, टेबलाखाली बसवलेलं, गुडघ्यानं हलवायचं एक साधन होतं आणि त्यांचा स्वतःचा माउस होता. सरावलेल्या माणसांच्या हाती माउस सरस ठरला. पण अगदी नवख्या माणसांना प्रकाशलेखणीनं आणि चक्क गुडघ्याच्या साधनानं माउसपेक्षा कमी वेळ लागला होता. एखाद्या उतावळ्या परीक्षकानं फक्त नवख्यांचा तक्ता पाहिला असता तर? १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत माहितीच्या जाळ्याची योजना लिहून दिली, तेव्हा त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी वरच्या कोपऱ्यात शेरा लिहिला तो असा, की हे धूसर आहे पण रोमांचक आहे. माझ्या मते खर्ड्यावरचा इतका शहाणा शेरा विरळा. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही सांगितल्या गेल्या. १९९१ साली टेक्सासमधल्या एका परिषदेनं मात्र त्याच विषयावरचा निबंध नाकारला, फक्त प्रात्यक्षिक दाखवायला परवानगी दिली. ते जाळं म्हणजे आज आपण ज्याला वेब म्हणतो ते.

सॉल ग्रीनबर्ग आणि बिल बक्सटन यांनी २००८ साली फ्लॉरेन्सच्या 'काय' परिषदेत याच दुखण्यावर बोट ठेवलं. नव्या कल्पनेला पाळण्यात असतानाच वापरसुलभतेच्या चाचणीला बसवणं कधी कधी घातक ठरतं, असं त्यांचं म्हणणं. परिषदेच्याच मांडवात उभं राहून परिषदेच्या परीक्षकांना हे ऐकवलं गेलं! आमच्या शनिवारीही एखादा हुशार मुलगा पहिल्याच पानावर विचारतो, "किती जणांवर चाचणी घेतली? आकडे कुठायत?" प्रश्न योग्य आहे, वेळ चुकीची. तिथं मी बोलते. म्हणते, आज फक्त कुठं अडखळलास ते सांग, आकड्यांचं पुढच्या महिन्यात बघू.

अलीकडं विद्यार्थी खर्डा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला वाचायला देतात. ते क्षणात दहा सूचना देतं, भाषा गोड असते, व्याकरण सुधारतं. त्यात वाईट काही नाही. पण त्या यंत्राच्या आईनं कधी डेअरीत दूध घातलेलं नसतं.

आमचे खर्डे इंग्रजीत असतात आणि बोलणं मराठीत. हे ठरवून झालेलं नाही. पहिली काही वर्षं इंग्रजीत बोलायचा प्रयत्न झाला, पण इंग्रजीत सगळेच फार सभ्य होतात, "लेखकांनी कदाचित असा विचार करावा" वगैरे. मराठीत तेच वाक्य "हे काही जमलं नाही बुवा" असं निघतं आणि दोघांचाही वेळ वाचतो. कागदावर मात्र गंमत दिसते. इंग्रजी मजकुराच्या समासात पेन्सिलीनं देवनागरी खुणा: 'कोण?', 'दळलेलं दळण', 'आधी सांगा', आणि एके ठिकाणी नुसतंच 'काय?'.

येत्या शनिवारी एका मुलाचा खर्डा आहे, एस.टी.च्या कंडक्टरच्या हातातल्या तिकीट यंत्रावरचा. चार वाचक ठरले आहेत. पाचवे म्हणून त्याचे मामा येणार आहेत; ते बरीच वर्षं कंडक्टर आहेत आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी आहे. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून भाचा दोन रात्री बसून खर्डा मराठीत उतरवतो आहे. काल भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मराठीत लिहायला घेतलं आणि तिसरा परिच्छेद मलाच कळेना."